चार आठवडे पुरतात

‘चार आठवड्यांत ऑफिसातलं काय कळणार?’ विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्राध्यापकांच्या खोलीत येतो, सनदी लेखापालाच्या केबिनमध्ये येतो, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या टेबलापुढे येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. काहीच कळणार नाही हे त्याने आधीच ठरवलेले असते आणि त्या ठरवण्यातून पुढचे सगळे आपोआप निघते. कळणारच नसेल तर पोरांना रोज बोलवायचे कशाला? हजेरीचा तक्ता एका बैठकीत भरून टाकावा, लेटरहेडवर चार ओळी लिहाव्यात, सही-शिक्का करावा आणि सगळ्यांनी आपापल्या कामाला लागावे. विद्यार्थ्याला क्रेडिट मिळतात, कॉलेजच्या फाइलला कागद मिळतो, ऑफिसची कटकट वाचते.

या व्यवहारात कोणाचेच नुकसान नाही, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. नुकसान होते, आणि ज्या मुलांना या चार आठवड्यांची सगळ्यांत जास्त गरज असते त्यांचेच होते. मी तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेत शिकवते. मुलांची पत्रे घेऊन ऑफिसांची दारे ठोठावणे हा माझ्या नोकरीचा भाग झाला आहे. त्या फेऱ्यांमधून माझे एक मत पक्के झाले आहे: चार आठवडे पुरतात. कमी पडते ती त्या चार आठवड्यांसाठी एक अख्खे काम काढून ठेवण्याची आपली तयारी.

आधी तरतूद काय आहे ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला धरून महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रमांची नवी रचना आली. तिच्यात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओजेटी’ झाले आहे. त्याला ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोजचे सहा तास धरले तर वीस दिवस होतात. सुट्ट्या वगळल्या तर ऑफिसाचा महिना एवढाच असतो.

आणि ऑफिस महिन्यानेच चालते. ‘काय कळणार?’ विचारणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. करसल्लागाराच्या ऑफिसातला महिना घ्या. ७ तारखेला आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस सरकारजमा करायचा असतो. ११ तारखेपर्यंत मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-वन, भरायचा. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी नावाचे पत्रक तयार होते, त्यात पुरवठादारांनी दाखवलेली बिले दिसतात, ती आपल्या खरेदीशी ताडून पाहायची. १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधीचा भरणा. २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचे कराचे विवरणपत्र, आणि कर. महिनाअखेरीला बँकेच्या खात्याचा मेळ आणि पगारपत्रक. पुढच्या ७ तारखेला पुन्हा पहिल्यापासून. मुलगी महिन्याच्या सुरुवातीला आली आणि शेवटी गेली, तर ऑफिसाचे एक पूर्ण आवर्तन तिच्या डोळ्यांसमोरून जाते.

वर्गात मी इनपुट टॅक्स क्रेडिट शिकवते. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा मिळतो, हे वाक्य मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. १४ तारखेला टू-बी उघडल्यावर त्याच वाक्याचा अर्थ बदलतो. एका पुरवठादाराने एक लाख रुपयांचे बिल दाखवलेलेच नाही. १८ टक्के दराने १८,००० रुपयांची वजावट अडकली. व्यापाऱ्याने पैसे दिले आहेत, माल आला आहे, बिल हातात आहे, तरीही वजावट मिळत नाही. आता पुरवठादाराला फोन कोणी करायचा, काय भाषेत करायचा, तो टाळाटाळ करू लागला तर पुढे काय करायचे? हे एकदा पाहिलेल्या मुलीला तो नियम पुन्हा शिकवावा लागत नाही. त्यासाठी तिला दोन वर्षे तिथे बसावे लागत नाही. एक १४ तारीख आणि एक २० तारीख पुरते.

सरकारी कार्यालयांचेही असेच आहे. ग्रामपंचायतीची सभा दर महिन्याला होते. सभेची नोटीस निघते, विषयपत्रिका ठरते, चर्चा होते, ठराव होतात, इतिवृत्त लिहिले जाते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ७३ व्या घटनादुरुस्तीवर कितीही टिपा लिहिल्या, तरी ठराव कागदावर कसा उतरतो आणि उतरताना त्यातले काय गळते, हे त्याला त्या सभेतच कळेल. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. तलाठ्याने फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही सगळी कामे चार आठवड्यांत सुरू होऊन संपणारी आहेत. शेतजमिनीच्या कागदांपायी ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेलपाटे घातले, त्या घरातल्या मुलाने एक फेरफार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, तर ते शिक्षण लहान म्हणायचे का?

चार आठवडे हे काही आजच्या धोरणकर्त्यांच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. वकिलीच्या शिक्षणासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. पण कोणत्याही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही, असेही त्याच नियमांत लिहिले आहे. सत्र न्यायालयातल्या वकिलाकडे एक महिना, पुढच्या वर्षी एखाद्या संस्थेत एक महिना, अशी ती रचना आहे. ज्या व्यवसायात माणसांचे स्वातंत्र्य पणाला लागते, त्याने महिनाभराचा काळ शिकण्याचे एक माप मानले आहे.

यावर उत्तर येते की सीएच्या मुलांना आर्टिकलशिपची वर्षे काढावी लागतात, तेव्हा कुठे ती तयार होतात. खरे आहे. सीए अभ्यासक्रमाच्या २०२३ च्या नव्या योजनेपूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. पण आर्टिकलशिप व्यवसाय करणारा माणूस घडवते. ओजेटीकडून तसे कोणी मागितलेले नाही. एका कामाची सुरुवात, मधली अडचण आणि शेवट विद्यार्थ्याला दिसावा आणि त्यातला एक तुकडा त्याने स्वतःच्या हातांनी पुरा करावा, एवढेच तिच्याकडून अपेक्षित आहे. दोन वर्षांचे माप लावून चार आठवड्यांना नापास करणे हा युक्तिवाद नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. ‘मॅडम, आमच्याकडे शिकवायला वेळ कुणाला आहे?’ ऑफिसात माणसे कमी आणि कामे फार, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. मुलगा पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी पोचतो. त्याला कोपऱ्यातली खुर्ची मिळते. ‘बस जरा, साहेब आले की सांगतो.’ साहेब येतात, त्यांना कामे असतात. दुपारी कोणीतरी झेरॉक्स काढून आणायला सांगतो. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी तो मोबाइल काढतो. चौथ्या दिवशी येत नाही. आणि मग ऑफिसातून मला फोन येतो की तुमची पोरे येतच नाहीत, त्यांना शिकायचेच नाही. मुलाने ऑफिस सोडले त्याच्या आधी तीन दिवस ऑफिसाने त्याला सोडलेले होते.

वेळ जातो तो काम आयत्या वेळी शोधण्यात. काम आधी काढून ठेवले, तर पहिले दोन-तीन दिवस समजावण्यात जातात आणि पुढे रोजची वीस मिनिटे पुरतात. असे काम निवडायला तीन कसोट्या लावाव्यात. ते चार आठवड्यांत संपणारे असावे. ते ऑफिसाला खरोखर हवे असावे. आणि ते तपासून चुका दाखवणारे एक ठरलेले माणूस असावे. करसल्लागाराकडे एका व्यापाऱ्याच्या एका महिन्याच्या खरेदीचा मेळ. पतसंस्थेत मुदत संपत आलेल्या ठेवींची यादी आणि ठेवीदारांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे. बाजार समितीत एका शेतमालाच्या वर्षभराच्या आवक आणि भावांचा तक्ता. ग्रामपंचायतीत एका वस्तीच्या घरपट्टीची नोंद आणि प्रत्यक्ष घरे यांची पडताळणी. वकिलाकडे एका जुन्या दाव्याच्या कागदांची तारीखवार सूची. यातले प्रत्येक काम कित्येक महिने ‘करू, करू’ म्हणून पडलेले असते. ते पुरे झाले तर उपकार कोणी कोणावर केले, हा प्रश्नच उरत नाही.

‘आम्हीसुद्धा झेरॉक्स काढूनच वर आलो,’ असे सांगणारी वडीलधारी माणसे भेटतात. त्यांच्या कष्टांचा मला आदर आहे. पण त्यांनी ती हलकी कामे नोकरीत राहून केली, पगार घेऊन केली, आणि त्यांच्या आजूबाजूला वर्षानुवर्षे मोठी कामे चाललेली होती. महिनाभरासाठी आलेल्या मुलाचे १२० तास झेरॉक्सच्या यंत्रापाशी गेले, तर त्याच्यापाशी पुढची वर्षे नाहीत. झेरॉक्स काढण्यात कमीपणा मुळीच नाही. काढताना तो कागद कशाचा आहे, कुठून आला आणि आता कोणाकडे चालला आहे, हे त्याला सांगा. तेवढ्याने त्या फेरीला अर्थ येतो.

चुका दाखवणारे माणूस मी मुद्दाम मागते आहे. कॉलेजात चूक झाली तर दोन गुण जातात. ऑफिसात चूक झाली तर दुसऱ्या कोणाचे तरी काम अडते. जन्माच्या नोंदीत नावाचे एक अक्षर चुकले की त्या बाळाच्या शाळेच्या दाखल्यापासून पुढच्या प्रत्येक कागदावर ती चूक चिकटते आणि ती निस्तरायला प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, राजपत्रात नाव छापून आणावे लागते. आपल्या हातून लिहिल्या जाणाऱ्या अक्षराला असे वजन असते, ही जाणीव कुठल्याही व्याख्यानाने मी वर्गात देऊ शकत नाही. ती लाल पेनाने तपासलेल्या खऱ्या कागदावरून येते.

गोपनीयतेचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याचे उत्तरही गंभीरपणे द्यायला हवे. गिऱ्हाइकाचे हिशेब, अशिलाची बाजू, रुग्णाचे कागद परक्या मुलासमोर उघडायचे का? सरसकट उघडू नयेतच. पण आर्टिकलशिपची मुले हेच हिशेब रोज हाताळतात, वकिलाकडचे नवखे ज्युनियर हेच दावे वाचतात. त्यांना बांधून घेणारी शिस्त असते, तशीच इथेही लावता येते. लेखी हमी घ्या, पासवर्ड देऊ नका, नावे झाकलेल्या प्रती द्या, कागद बाहेर नेऊ देऊ नका. आणि ज्यात गुप्त असे काही नाही अशी कामेही भरपूर आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि अद्ययावत ठेवायची असते. ही माहिती गोळा करून नीट लावण्याइतके चांगले काम विद्यार्थ्यासाठी दुसरे नाही. त्यात सारे कार्यालय समजते आणि त्यातला एकही कागद लपवायचा नसतो.

आता पैशांविषयी. ‘आम्ही शिकवतो आहोत, पैसे आम्ही का द्यायचे? अनुभव हाच मोबदला,’ असे फार सहज म्हटले जाते. ज्यांना हे सहज वाटते त्यांनी मुलांचा महिना पाहावा. सकाळी गावातून एसटी, दुपारचा डबा किंवा वडापाव, संध्याकाळी परतीची गाडी. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याचा मुलींना आधार आहे. मुलांना तोही नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुले मेडिकलच्या दुकानात, पेट्रोलपंपावर, कापडाच्या दुकानात अर्धवेळ कामे करून घरी पैसे देतात. ओजेटीच्या महिन्यात ते उत्पन्न बुडते. म्हणजे अनुभवाची किंमत ती मुले आधीच रोख मोजत असतात. मग ज्याला परवडते तो जातो आणि ज्याला परवडत नाही तो सही मागायला येतो. कोऱ्या सहीची मागणी आळसातून येते असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सरकारला हे कळत नाही असे नाही. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० रुपये, पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठरले, त्यांतले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. शिकणाऱ्याच्या हाताला दाम मिळाला पाहिजे आणि त्याचा मोठा वाटा सरकार उचलू शकते, हे या दोन्ही योजनांनी मान्य केले. पण दोन्हींच्या निकषांत पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी बसला नाही. ज्याला अभ्यासक्रमाने सक्तीने ऑफिसात पाठवले, तोच नेमका बाहेर राहिला. माझी मागणी हजारो रुपयांची नाही. जाण्यायेण्याचा प्रत्यक्ष खर्च आणि दुपारचे जेवण, एवढे तरी मिळालेच पाहिजे. मोठ्या कार्यालयाने ते स्वतः द्यावे, लहान कार्यालयाच्या वतीने विद्यापीठाने किंवा राज्याने द्यावे. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले, ज्या विद्यापीठांत त्यांच्या नावाच्या योजनेत मुले ग्रंथालयात आणि कार्यालयांत तासाप्रमाणे पैसे घेऊन काम करत आली, तिथे फुकट श्रमाला शिक्षण म्हणणे शोभत नाही.

एक मात्र मी स्पष्ट म्हणेन. पैसे मागणे आणि नोकरीची आशा दाखवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. युवा कार्य प्रशिक्षण योजना सहा महिन्यांची होती, पुढे ती ११ महिन्यांपर्यंत वाढवली आणि तरीही ‘पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. प्रशिक्षणाला नोकरीचे आमिष जोडले की असेच होते. विद्यार्थ्याच्या चार आठवड्यांना ते ओझे नको. ‘चांगले काम केलेस तर ठेवून घेऊ,’ असे सांगून महिनाभर राबवून घेणाऱ्या ऑफिसाला माझ्या यादीत जागा नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. ते म्हणतात की विद्यापीठ हे भरती केंद्र नव्हे. ४ क्रेडिट ऑफिसांना दिले म्हणजे विषयाचा एक पेपर गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पतसंस्थेत जाऊन काय करायचे? ही काळजी खरी आहे. मुलांना लवकरात लवकर स्वस्त कारकून बनवणे हा जर ओजेटीचा हेतू असेल, तर मी सहकाऱ्यांच्या बाजूने उभी राहीन. पण हातांनी काम करणे आणि डोक्याने शिकणे यांची फारकत आपणच केली आणि ती मोडायचा प्रयत्न या मातीत पूर्वीही झाला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली ती बाजाराची सोय म्हणून नव्हे. उत्पादक कामातून विचार शिकवता येतो, ही तिची भूमिका होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पतसंस्थेतच कशाला पाठवायचे? त्याला अभिलेख कक्षात पाठवा, नगरपालिकेच्या जुन्या ठरावांच्या वह्या लावायला द्या. महिनाभराने तो विषयाचा पेपर अधिक चांगला वाचेल. कागद कोणी लिहिला, का लिहिला आणि कोणाचे म्हणणे त्यात आलेच नाही, हे विचारायला तो शिकलेला असेल.

सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका इतिहासाची आठवण मात्र ठेवावी. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. पुढे महाराष्ट्राच्या शाळांत कार्यानुभवाचा तास आला. त्याचे काय झाले ते आपल्या पिढीने पाहिले आहे. कागदी फुले, पाकिटे, शुभेच्छापत्रे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानातून आणलेली वस्तू आणि वहीवर सही. तास कमी होते म्हणून तो विषय मेला नाही. केलेली वस्तू कोणालाच नको होती म्हणून मेला. त्याच महाराष्ट्रात पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कालबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुले गावाला लागणारी खरी कामे करत शिकली. वेल्डिंग निघाले तर गेट पडायचे, वायरिंग चुकले तर दिवा लागायचा नाही. काम कोणाच्या तरी उपयोगाचे होते म्हणून ते नीट व्हावे लागले. ओजेटी यातल्या कोणत्या वाटेने जाणार, हे आपण आज ठरवतो आहोत. झेरॉक्सच्या दुकानांत तयार अहवाल मिळू लागले आहेत. आपण गप्प राहिलो तर पाच वर्षांनी तिचाही कागदी फुलांचा तास झालेला असेल.

‘आमच्या भागात कंपन्याच नाहीत, मुलांना पाठवायचे कुठे?’ हे खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांचे गाऱ्हाणे आहे. कंपन्या नाहीत हे खरे, कार्यालये नाहीत हे खरे नाही. तहसील, पंचायत समिती, दुय्यम निबंधक, बाजार समिती, दूध संघ, साखर कारखान्याचे शेतकी गट कार्यालय, एसटीचे आगार, महावितरणचे उपविभागीय कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, पतसंस्था, वकील, करसल्लागार. तालुक्याच्या कोणत्याही गावात यांतली बहुतेक सापडतात. या जागांना कमी लेखून मुलांना पुण्या-मुंबईच्या कंपनीचे ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवायला लावणे हा कॉलेजांचा दोष आहे. ज्या खिडकीपुढे आपले आईवडील रांगेत उभे राहतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून पाहण्याची संधी तालुक्याच्या मुलाला इथेच मिळते. आत बसल्यावर त्याला कळते की फाइल कुठे अडते, कोणत्या नियमाने अडते आणि कोणत्या नियमाशिवाय अडते. असा नागरिक पुढे आयुष्यभर रिकाम्या हाताने परत जात नाही.

आणि इथेच त्या कोऱ्या सहीचा खरा हिशेब लागतो. ज्या घरात वडील बँकेत आहेत, मावशी मंत्रालयात आहे, त्या घरातल्या मुलाने ओजेटी बुडवली तरी फारसे बिघडत नाही. फोनवर साहेबांशी कसे बोलायचे, अर्ज कसा लिहायचा, नाही म्हटल्यावर पुन्हा कसे विचारायचे, हे तो जेवणाच्या ताटावर ऐकत वाढला आहे. ज्या घरातून ऑफिसात नोकरीला आजवर कोणीच गेले नाही, त्या घरातल्या मुलीला हे कुठेच मिळत नाही. तिच्यासाठी हे चार आठवडे पहिले आहेत आणि कदाचित पहिल्या मुलाखतीपर्यंतचे शेवटचे. दयाबुद्धीने तिच्या कागदावर न येता सही करणारा माणूस तिला सवलत देत नाही. तिच्या वाट्याचे शिक्षण तो काढून घेतो.

मुलींना पाठवताना आणखी एक जबाबदारी कॉलेजवर येते आणि तिच्याविषयी बहुतेक ठिकाणी मौन असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विनावेतन काम करणाऱ्या आणि प्रशिक्षणार्थी महिलांनाही लागू आहे, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ऑफिसातल्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीच्या हातात ऑफिसचे पत्र देताना समितीचा पत्ता आणि कॉलेजातल्या जबाबदार शिक्षिकेचा फोन नंबर दिला पाहिजे. ‘महिनाभराचाच प्रश्न आहे, सांभाळून घे गं,’ हा सल्ला देणाऱ्याने शिक्षकी पेशात राहू नये.

म्हणून माझे म्हणणे मागण्यांच्या रूपात मांडते. कॉलेजने मुलगा पाठवण्याआधी ऑफिसाकडून एका पानावर कामाचे वर्णन घ्यावे: काय करायचे, कधी संपवायचे, कोण तपासणार. विद्यार्थ्याने रोज अर्धे पान लिहावे: आज काय केले, कुठे अडलो, कोणाला विचारले. शिक्षकाने महिन्यात किमान एकदा न सांगता ऑफिसात जावे. शेवटी प्रमाणपत्रासोबत प्रत्यक्ष केलेले काम, तपासणीच्या लाल खुणांसकट, जोडावे. तोंडी परीक्षेत त्याच कामावर प्रश्न विचारावेत, म्हणजे विकतचा अहवाल पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडेल. विद्यापीठाने प्रवासखर्चाची तरतूद करावी आणि शिक्षकाच्या या फेऱ्या त्याच्या कामाच्या तासांत धराव्यात. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

ऑफिसांना माझे शेवटचे सांगणे असे. चार आठवडे खरोखर कमी वाटत असतील, माणूस नसेल, जागा नसेल, तर आमचे पत्र परत पाठवा. त्या प्रामाणिकपणाचा मला राग येणार नाही, मी दुसरे दार ठोठावीन. पण पत्र ठेवून घेतलेत, तर एक खुर्ची, एक पुरे काम आणि चुका दाखवणारे एक माणूस द्या. कोरी सही कोणी मागितली तर देऊ नका, मागणारा विद्यार्थी असो, पालक असो, नाहीतर माझ्यासारखी शिक्षिका असो.